पल्लवीचे तळहात

मैदानावर नव्याने येणाऱ्या मुलींना वाचून दाखवता येईल असं काहीतरी लिही, असं आमच्या सरांनी सांगितलं म्हणून मी हे लिहायला बसले. "चार समजुतीच्या गोष्टी लिही," म्हणाले. समजूत माझ्याकडे बेताचीच आहे. मी जळकी आहे. लहानपणापासून आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि माझं आजारपण त्या जळण्यातूनच आलं. तेवढं गाळून लिहिलं तर जे उरेल ते कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं असतं.

चल ना ताई

पल्लवी माझी चुलत बहीण, माझ्याहून वर्षाने लहान. फुलंब्रीच्या पुढे आमचं गाव. तिथे एकाच अंगणात आमची दोन घरं, एक आमचं आणि एक काकांचं. धावायला मी आधी लागले. शाळेत आठशे मीटरला मी पहिली यायचे आणि पल्लवी कडेला माझ्या चपला धरून उभी असायची. बारावीनंतर मी शहरात कॉलेजला आले, मैदानावर जायला लागले, आणि पुढच्या वर्षी तिलाही मीच घेऊन आले. विद्यापीठाच्या बाजूला आम्ही दोघींनी एक खोली भाड्याने घेतली.

मकबऱ्याच्या मागून लेण्यांच्या डोंगराकडे चढ लागतो. सर आम्हाला तिथे पळवायचे. सुरुवातीला पल्लवी माझ्या मागे असायची. मग बरोबरीला आली. मग एका सकाळी चढावर माझ्या बाजूने पुढे गेली आणि जाता जाता म्हणाली, "चल ना ताई."

ते "ताई" मला अजून टोचतं. हरवायचं तर गपचूप हरवावं.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघत राहिले. ती किती भाकरी खाते, किती झोपते, बूट कुठल्या पायात आधी घालते, सगळं. तिची पोटरी बारीक आणि लांब, माझी आखूड. तिला अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागायची, मी छताकडे बघत पडायचे. सर इतर मुलींना सांगायचे, "पल्लवीचे हात बघा कसे चालतात." मी रोज बघत होते. तिच्या आईने बघितलं नसेल इतकं मी त्या पोरीला बघितलंय.

सुट्ट्या गोळ्या

आमच्या गल्लीत एक जिम होती. चालवणाऱ्याला सगळे भाई म्हणायचे. पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं तिथे यायची. विद्यापीठाच्या संघात आमच्या शर्यतीसाठी एकच जागा राहिली आहे, असं सरांनी सांगितलं त्या संध्याकाळी मी भाईकडे गेले.

"ताई, ये ताकद की चीज है," भाई म्हणाला. "समदे घेतेत. एकदम हर्बल. साइड इफेक्ट काय बी नाय."

त्याच्याकडे एक मोठा डबा होता, त्यावर उधळलेल्या घोड्याचं चित्र. अख्खा डबा घेणं कुणालाच परवडत नसे, म्हणून तो त्यातून कॅप्सूल काढून साध्या प्लास्टिकच्या पुडीत बांधून द्यायचा. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या घरी चहापत्ती सुट्टी, तेल सुट्टं, बडीशेप सुट्टी. सुट्ट्या वस्तूवर नाव नसतं, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि ते विचारायचं असतं हेही आपल्याला सुचत नाही.

गोळ्या लागू पडल्या, हे लिहायलाच हवं. काहीच झालं नसतं तर कुणी घेतल्याच नसत्या. काही आठवड्यांत मांड्या दगडासारख्या झाल्या. सकाळी चढावर पळून आले तरी संध्याकाळी पुन्हा पळावंसं वाटायचं. पाळी बंद झाली तर मला बरंच वाटलं, सरावातली एक कटकट गेली. हनुवटीवर राठ केस आले, ते मी चिमट्याने उपटायचे. आवाज घोगरा झाला, त्याला सर्दी म्हटलं. आणि एका सकाळी मी पल्लवीला चढावर मागे टाकलं. "चल ना पल्लवी," असं मला म्हणायचं होतं, पण धाप लागली होती. त्या दिवशी मी एकटीने जाऊन गुलमंडीवर कुल्फी खाल्ली. इतकी सुखी मी कधी झाले नव्हते.

पुढच्या वेळी पुडी घ्यायला गेले तेव्हा भाई सहज बोलून गेला, "तुमची भैन बी नेती की."

खोली एक, कपाट एक. तिने माझी पुडी बघितली असणार, कशाची ते विचारलं असणार, पण मला नव्हे, भाईला. माझा संताप झाला. तिला काही होईल हे माझ्या मनातही आलं नाही. माझ्या हातात आलेलं एवढंसं अंतर ती पुन्हा खाऊन टाकणार, याचाच राग. तिला मी एका शब्दाने बोलले नाही. त्या दिवसापासून मी एकाच्या जागी दोन गोळ्या घ्यायला लागले.

अंगणातली माती

आधी खाज आली. तळहातांना आणि तळपायांना, कातडीच्या आत कुठेतरी, जिथे नख पोचत नाही. मी साबण बदलला, मोजे बदलले, टँकरच्या पाण्याला शिव्या दिल्या. मग जेवणाची शिसारी आली. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. मैदानावर एका फेरीत पाय गळायचे. पोळ्याला गावी गेले तर आईने दारातच माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं.

"डोळे बघ की गं तुझे. हळद घातल्यावानी झालेत."

आमच्याकडे माणूस आजारी पडलं की पहिला प्रश्न असतो, कुणाची नजर लागली. काय खाल्लं, काय प्यालं, हे नंतर. आईला फार शोधावं लागलं नाही. महिन्यापूर्वी एका बारशाला लताकाकू, म्हणजे पल्लवीची आई, चारचौघींत म्हणाली होती, "स्वातीचे पाय कसे भरलेत बघा, घोडीवानी." बोलून झाल्यावर ना थू केलं ना बोटं मोडली. झालं. आईचा निकाल लागला.

आता नजर ज्याची लागली त्याच्या पायाखालची माती लागते. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्यांबरोबर ती ओवाळून चुलीत टाकायची. आई दुपारी काकूच्या दारात गेली, वाकली आणि उंबऱ्याबाहेरची चिमूटभर माती पदरात बांधायला लागली. काकू नेमकी खिडकीत.

"काय नेती गं माझ्या दारातून?"

"काय नाय."

"माती नेती व्हय? मी नजर लावली व्हय तुझ्या पोरीला? माझी पोर काय कमी हाय का तुझ्या पोरीपेक्षा?"

मग जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. अंगणातल्या नळावरसुद्धा एक आली की दुसरी घागर उचलून आत जायची. आणि मी ओसरीवर तळहात घासत पडले होते. नजरेचं काही खरं असेल तर या घरात नजर लावणारी एकच आहे आणि ती ओसरीवर पडलीय, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझी नजर मलाच कशी लागेल?

आईने ती माती ओवाळून चुलीत टाकलीच, पण मिरच्यांचा ठसका लागला नाही. म्हणजे नजर जबर होती, असं ठरलं. मग मला वेरूळच्या बाजूच्या एका गावात नेलं. तिथे एकजण काविळीची माळ देतो. बारीक काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात, ती हळूहळू वाढत खाली उतरते, आणि जशी माळ उतरते तशी कावीळ उतरते म्हणतात. दुसऱ्या दिवशी माझी माळ खांद्यावर आली. आई हरखली. पण आमच्याबरोबर माळ नेलेल्या पोरीची छातीपर्यंत आल्याचं समजलं. तुम्ही हसाल, पण मला त्या पोरीचा हेवा वाटला.

माळ कमरेपर्यंत आली तोवर मी भिंत धरून चालत होते. वडील वाळूजच्या कंपनीतून सुट्टी काढून आले, माझ्याकडे बघितलं आणि कुणाशी काही न बोलता मला शहरातल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

"औषध" आणि "खाल्लेलं"

तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, पोट दाबलं आणि विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"नाय," मी म्हणाले. आई म्हणाली, "कसलंच नाय हो. साधी डोकेदुखीची गोळी घेत नाय ही."

आम्ही दोघी खरं बोलत होतो. औषध म्हणजे आजारी माणूस घेतो ते. भाईची गोळी ताकदीची. ती आमच्या हिशेबात दूध, खारीक, बदाम यांच्या ओळीत बसलेली. हे सगळ्यात नीट ऐका मुलींनो, कारण मी तिथेच फसले. पहिल्या दिवशी मला साधी कावीळ समजून दाखल केलं. बाकीचे सगळे रिपोर्ट आले, आणि साध्या काविळीत सापडायला हवं ते काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. या वेळी माझ्या हनुवटीकडे बघत होत्या. तिथले केस उपटायला माझ्यात ताकद राहिली नव्हती. "पाळी कधी आली होती?" मी चादर हनुवटीपर्यंत ओढली. "खेळतेस का तू?" म्हटलं, पळते. त्यांनी आईला चहा आणायला पाठवलं, खुर्ची ओढली आणि विचारलं, "ताकदीसाठी काय खातेस?"

मी सांगितलं. घोडा, पुडी, दोन गोळ्या. त्या रागावल्या नाहीत, त्यानेच मला रडू आलं. वडिलांनी खोलीतून पुडी आणून दाखवली. आत नेमकं काय आहे हे पुडीवरून कुणालाच सांगता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हर्बल म्हणून विकतात आणि पुरुषी हार्मोनच्या गोळ्या मिसळलेल्या असतात, असं आम्ही बघतो. तुझी सगळी लक्षणं तेच सांगतात. तुझं लिव्हर बिघडलंय. यावर मुख्य औषध एकच, ते बंद करणं. बाकी वाट बघायची."

"किती दिवस?" वडिलांनी विचारलं.

"ते लिव्हरच सांगेल."

एका संध्याकाळी रक्त गोठण्याचा रिपोर्ट खराब आला. मॅडम वडिलांना बाहेर घेऊन गेल्या. काचेतून मला वडिलांची पाठ दिसत होती. पुण्याला हलवावं लागेल का, यावर बोलणं चाललं होतं आणि त्यात लिव्हर बदलण्याचा शब्द आला, तो मी ऐकला. वडील आत आले आणि माझी चादर नीट करत बसले. ती आधीच नीट होती. मी मरणार का, असं मला विचारायचं होतं. मी विचारलं, "पल्लवी सरावाला जाते का?"

ओला पंचा

वॉर्डात सकाळ फिनेलच्या वासाने सुरू होते. मग रक्त काढणाऱ्या बाई येतात, मग चहा, मग मॅडमचा राउंड, मग ज्यांना घरी सोडणार त्यांची गडबड. घरी जाणाऱ्या प्रत्येकीवर मी जळायचे. एकीचा काविळीचा आकडा खाली आला की मी माझा कागद पुन्हा मागून बघायचे. शेजारी कुणी कांदाभजी खाल्ली तर त्या वासाने मळमळायचं, तरी वाटायचं, हिला कशी पचतात? आणि न खाजवता बसलेलं माणूस दिसलं की त्याचा राग यायचा. माझ्या अंगावर ओरखडे उठले होते. आईने माझ्या हातांना मोजे घातले, मी ते दातांनी काढले.

शेजारच्या खाटेवर पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालेल्या एक मुसलमान बाई होत्या, सगळे त्यांना खाला म्हणायचे. त्यांच्या सुनेने एकदा न सांगता पंचा गार पाण्यात भिजवला, पिळला आणि माझ्या पाठीवर पसरला. थोडा वेळ सगळी खाज थांबली. त्यानंतर ती सासूसाठी आली की आधी माझा पंचा भिजवायची. तिचं नावही मी विचारलं नाही. तिचा मात्र मला कधी हेवा वाटला नाही.

खाला माझ्यावर लक्ष ठेवून असायच्या. मी फोनमध्ये पल्लवीचे फोटो बघायचे. मैदानावरचे, नव्या बुटांचे.

"इत्ता घूर-घूर के किसकू देखती गे?"

"बहीण आहे माझी."

"भौत याद आती क्या?"

"नाही. जळते मी तिच्यावर."

खाला टाके सांभाळत हसल्या. "हौ? मैं समझी कोई लडका है."

सत्काराचा व्हिडिओ

मॅडमनी सांगितलं त्याच दिवशी मी पल्लवीला फोन केला होता. गोळ्या बंद कर, त्यात भलतंच काही आहे, माझं लिव्हर गेलंय.

"मला काय झालं नाय," पल्लवी म्हणाली. "तू दोन-दोन खाल्ल्या. हाव कुणी केली?"

"तुलाही होईल."

"निवड आठ दिवसांवर आलीय, अन् तुला आजच सांगायचं सुचलं? तुला जळतंय ताई. लहानपणापासून जळतंय."

ते खरं होतं. तिने गोळ्या सोडल्या तर ती मंदावेल, आणि मी इथे पडलेली असताना ती एकटी पुढे जाणार नाही, हेही माझ्या मनात होतंच. किती काळजी आणि किती जळणं, हे मलाच वेगळं करता येत नव्हतं. तिला कसं पटावं?

तिची निवड झाली. गावाने सत्कार केला. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला आणि मी तो दहादा बघितला. सरळ सांगते, मी त्यात खोट शोधत होते. साडी चांगली नेसवली नव्हती, बरं वाटलं. शाल, श्रीफळ, गुच्छ. सरपंच बोलत होते आणि पल्लवी हसत उभी होती. पण गुच्छाखाली तिचा एक हात हलत होता. अंगठ्याने ती दुसऱ्या हाताचा तळवा घासत होती. गुच्छ या हातातून त्या हातात घेतला आणि मग दुसरा तळवा. मग एका पायाने दुसऱ्या पायाचा तळवा. पल्लवी अशी चुळबुळ करत नाही. शर्यतीच्या आधीसुद्धा ती खांबासारखी उभी असते. मला ते माहीत आहे, कारण मी त्याच्यावरसुद्धा जळते.

ती खाज कुठली ते मला कळलं. डोळे पिवळे व्हायच्या आधीची ती खाज. ती ओळखणारं त्या अख्ख्या मांडवात कुणी नव्हतं.

पल्लवीने फोन उचलला नाही. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "तिचं ती बघंल. तुझं रक्त बघ आधी." वडिलांनी काकांना फोन केला. काका म्हणाले, "माझी पोरगी पहिली आली की तुमच्या पोरीला लगीच सगळं दिसतंय." वडिलांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनाही खात्री नव्हती.

राहिली लताकाकू. तिला फोन लावला. गोळ्यांचं सांगितलं.

"माझी पोर दूध-अंडी खाती. गोळ्या तू खाल्ल्या. आता माझ्या पोरीचं नाव घेती?"

ती फोन ठेवणार, एवढ्यात मला सुचलं. लिव्हर, रिपोर्ट, हार्मोन यातलं काही काकू ऐकणार नव्हती. पण एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पटते.

"काकू," मी म्हणाले, "पल्लवीला नजर लागलीय. माझी."

तिने फोन ठेवला नाही.

"मी जळते तिच्यावर. ती माझ्या पुढं गेली तेव्हापासून. रोज बघते तिला. सत्काराच्या येळेला बी बघत होते, अन् माझ्या मनात चांगलं नव्हतं. ती हात खाजवती ना? रातच्याला जास्त? जेवण बी कमी झालंय ना?"

"व्हय," काकू हळूच म्हणाली. "हातच खाजवती निसती. नवी साडी होती म्हणून, म्हटलं." मग तिचा आवाज चढला. "तुझ्या आईनं माझ्या दारची माती नेली. गावभर माझी अब्रू घालवली. अन् नजर तुझी व्हय गं भवाने?"

"व्हय. माझीच. माझ्या पायाची माती लागंल तुला. तिला घेऊन ये, तिच्या समोरच काढावी लागती."

हे शेवटचं मी मनाने जोडलं.

माती

काकू दुसऱ्या दिवशी सकाळी आली. रुमालात मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या. मागे पल्लवी, तोंड फुगवून. काकूने माझ्या खाटेखाली बघितलं आणि अडली. लादी नुकतीच पुसली होती. फिनेलचा वास, मातीचा कण नाही.

"चपला बघ की," खाला शेजारून म्हणाल्या. त्यांना आमचं काय चाललंय ते कुणी सांगितलं नव्हतं.

काकूने माझ्या चपला उलट्या करून खरवडल्या. गावाकडची थोडी माती तळाला धरून होती. ती त्यात गुंतली तेव्हा मी पल्लवीचा हात धरला. तिने ओढला, मी सोडला नाही. तळवा उलटा केला. लाल रेघा, काही ठिकाणी कातडी सोललेली. मी माझा तळवा शेजारी धरला. दोघींचे हात सारखे दिसत होते. आमच्यात सारखं असं तेवढंच मी आयुष्यात बघितलं.

"खोबरेल लावलं तरी जात नाय," पल्लवी म्हणाली. इतक्या हळू, की काकूला ऐकू गेलं नाही.

"नाय जात. लघवी काळी होते?"

तिने मान डोलावली आणि हात माझ्या हातातच राहू दिला.

तेवढ्यात मॅडम राउंडला आल्या. मी म्हणाले, "ही माझी बहीण. त्याच पुडीतलं खाते." मॅडमनी तिला खिडकीपाशी नेलं, पापणी ओढली आणि लगेच रक्त काढायला सांगितलं. काकू हातात माती घेऊन बघत राहिली. आणि दारात जेवणाचा डबा घेऊन माझी आई उभी होती.

दोघी जावा एकमेकींकडे बघत होत्या. आता पुन्हा गल्ली जागी होणार, असं मला वाटलं. आईने पल्लवीच्या दंडातली सुई बघितली, काकूच्या मुठीतली माती बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मग डबा खाली ठेवला.

"पुडी बांध नीट," आई काकूला म्हणाली. "सांडंल."

अजून

पल्लवीचा रिपोर्ट खराब होता, पण माझ्याइतका नाही. खाज सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. तिने गोळ्या बंद केल्या आणि तिची स्पर्धा हुकली. स्पर्धेचा निकाल कळला त्या दिवशी माझ्या खाटेच्या कडेला बसून ती म्हणाली, "तुला पाहिजे होतं तसंच झालं ना?"

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं, "थोडं पाहिजे होतं. पण असं नव्हतं पाहिजे." ती रडली, मी रडले. खालांच्या सुनेने दोन पंचे भिजवले.

माझं रक्त हळूहळू सुधारत गेलं. पुण्याला जावं लागलं नाही. घरी सोडलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पल्लवीची कावीळ मात्र माझ्या कितीतरी आधी उतरली. त्यातही तिने मला मागे टाकलं, आणि हो, मला राग आला. पाळी पुन्हा सुरू व्हायला बराच काळ गेला. त्या दिवशी पोट दुखत होतं आणि मी आईला मिठी मारली. हनुवटीवरचे केस पूर्ण गेले नाहीत. माझा आवाजही थोडा घोगरा राहिलाय, फोनवर लोक मला भाऊ म्हणतात.

सरांनी मैदानावर सगळ्यांना बसवून विचारलं तेव्हा आणखी काहीजणांनी खाली मान घातली. भाईने घोड्याचा डबा आत ठेवला म्हणतात. फेकला असेल असं मला वाटत नाही.

मुलींनो, तुम्ही जळू नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता शेजारच्या मुलीच्या पोटऱ्यांकडे बघत असेल. एवढंच करा, गोळी घेतली असेल तर सरांना सांगा, आईला सांगा आणि डॉक्टरने "औषध काय घेता" विचारलं तर खाल्लेलं सगळं सांगा. जिच्यावर जळता तिच्याकडे बघणार असाल तर नीट बघा. तिचं काही बिघडलं तर ते सगळ्यात आधी तुम्हालाच दिसणार आहे.

आम्ही पुन्हा चढावर जातो. डॉक्टरांनी मला पळायची परवानगी दिली आहे, जपून. मागच्या आठवड्यात सरांनी आठशे मीटरची चाचणी घेतली. शेवटच्या वळणावर पल्लवी माझ्या बाजूने पुढे गेली आणि म्हणाली, "चल ना ताई." रेष ओलांडून मी तिच्याजवळ पोचले तेव्हा ती गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. मी तिचे दोन्ही हात धरून उलटे केले आणि तळवे बघितले. ते स्वच्छ होते. मग मी सरांना तिची वेळ विचारली.